खळ, मोहन आणि साटा

लष्करी ठाण्याच्या गावात परटाला जो मान असतो, तो इतर गावांत क्वचितच पाहावयास मिळेल. देवळाली कॅम्प हे त्यांतलेच एक गाव. इंग्रजी अमदानीत विलायतेहून येणाऱ्या आणि विलायतेस परत जाणाऱ्या पलटणींचा येथे मुक्काम पडे. बोटीची वाट पाहून पाहून गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरत, आणि त्यातूनच ‘डूलॅली’ हा वेडसर माणसासाठीचा शब्द इंग्रजी भाषेत जाऊन बसला. देवळालीने इंग्रजीला दिलेली ही एकुलती एक देणगी! इंग्रज गेले, पण तोफखान्याचे शिक्षण देणारी शाळा येथे आहे, छावणी आहे, आणि गणवेशाचा रुबाबही आहे. सुती खाकीचा जमाना होता तेव्हा तर त्या रुबाबाचा खरा सूत्रधार परीटच असे. चड्डीची घडी अशी, की बोट फिरवले तर कापेल की काय असे वाटावे! आणि ही सारी किमया कशाची? तर मूठभर पिठाची.

मैदा, तांदळाची पेज किंवा साबुदाणा पाण्यात शिजवावयाचा, फडक्यातून गाळून घ्यावयाचा, पांढऱ्या कपड्यांसाठी त्यात किंचित नीळ घालावयाची, आणि त्या खळीत कपडा बुचकळून, वाळवून, किंचित ओलसर असतानाच कडक इस्त्री फिरवावयाची. कपडा पत्र्यासारखा ताठ! पण मृगाची एक सर येऊ द्या; मघाचा तो ताठा दोन मिनिटांत कुठल्या कुठे जातो आणि अंगाला गार, चिकट लगदा लागतो.

वाचकहो, आजच्या लेखाचा विषय म्हणजे हीच पावसाची सर. पिठाचा ताठा पाण्यापुढे टिकत नाही, तो टिकावा कसा, या एका प्रश्नामागे गेली तीस-पस्तीस वर्षे जगातल्या अनेक प्रयोगशाळा लागल्या आहेत. त्यांच्या शोधनिबंधांची नावे वाचली तर घेरी यावी : ‘स्टार्चाधारित नॅनोसंमिश्र पदार्थांच्या पृष्ठभागांचे परिवर्तन’! पण घाबरून पान उलटू नका. या अवडंबराआड जे शास्त्र आहे, त्यातले निम्मे आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घरोघरी ओट्यावर चाललेले असते. ते कसे, हेच आज पाहावयाचे आहे.

चिकाचा स्वभाव

नाशिक-खानदेशाकडच्या गृहिणींना पिष्ट म्हणजे काय हे शिकवावयाची गरज नाही. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग वाटून चोथा वेगळा करावयाचा आणि रात्रभर तसेच ठेवावयाचे. सकाळी वरची निवळ ओतून दिली की तळाशी जो पांढराशुभ्र, घट्ट चीक बसलेला असतो, तोच स्टार्च. गंमत पाहा, स्टार्चाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, ‘अमिलॉन’, त्याचा अर्थच मुळी ‘जात्यावर न दळलेले’ असा आहे. म्हणजे ग्रीक बायकाही गहू दळून नव्हे, तर भिजवूनच चीक काढीत असल्या पाहिजेत!

हा चीक सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला तर त्यात गोल, चपटे कण दिसतात. तांदळाचे कण फार बारीक, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे. बटाट्याचे मोठे, काही तर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. प्रत्येक कणात साखरेचे, म्हणजे ग्लुकोजचे, हजारो रेणू साखळीने गुंफलेले असतात. काही साखळ्या सरळ असतात. त्यांना अमायलोज म्हणतात. बहुसंख्य साखळ्या वडाच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात, त्या अमायलोपेक्टिनच्या. सर्वसाधारण पिष्टात शंभरात वीस ते तीस भाग पहिल्याचे आणि उरलेले दुसऱ्याचे.

आता मुख्य मुद्दा. साखळीतल्या प्रत्येक ग्लुकोजला सामान्यतः तीन मोकळे ‘हात’ असतात. एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन मिळून झालेले. हे हात पाण्याचे मोठे भुकेले. कोरड्या पिठात ते एकमेकांचे हात धरून घट्ट बसतात, म्हणून खळ दिलेला कपडा ताठ उभा राहतो. पाणी दिसले की तेच हात शेजाऱ्याला सोडून पाण्याला धरतात, आणि साखळ्या सैल पडतात. चीक शिजवताना साठ-सत्तर अंशांच्या सुमारास तो एकदम पारदर्शक आणि लवचीक होतो, तो याच कारणाने. पिष्टाचा गुण आणि अवगुण एकच आहे : पाण्याशी त्याचे फार सख्य!

या अवगुणाचासुद्धा उपयोग करून घेणारे लोक आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावी यंत्रमागांचा खडखडाट चालतो. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या धाग्यांना खळ द्यावी लागते. नाही तर ओढाताणीत ते पटापट तुटतात. याला जुने विणकर पांजणी म्हणत, आता सारेच सायझिंग म्हणतात. कापड विणून झाले की ही खळ धुऊन काढावयाची असते, म्हणून ती पाण्यात विरघळणारी असणे येथे सोयीचेच. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांनी मात्र या पांजणीचा धूर्त उपयोग केला. हिंदुस्थानात पाठवावयाच्या स्वस्त कापडाच्या खळीत त्या चिनी माती कालवीत. कापड हाताला जाड, भरदार लागे. पहिल्या धुण्यात खळही जाई, मातीही जाई आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाळीदार फडके उरे! पीठ आणि माती यांचे हे मिश्रण लक्षात ठेवा. त्याच जोडीने पुढे फसवणुकीऐवजी चांगले काम कसे केले, ते आता यावयाचे आहे.

पिशवी नको, तर मग काय?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. नाले तुंबले, त्या तुंबण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा वाटा होता, अशी ओरड झाली आणि ती खोटी नव्हती. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे चमचे, काटे, पेये ओढून घेण्याच्या नळ्या, ताटल्या अशा एकदाच वापरून फेकावयाच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली. पिशवीची जाडी किमान किती असावी याचेही नियम झाले : ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन.

कायदा झाला, पण भाजीवाल्याने ओली मेथी कशात द्यावयाची? दह्याचे, आमटीचे काय? कापडी पिशवी मेथीला चालेल, आमटीला चालणार नाही. प्लॅस्टिक माणसाने केवळ आळसाने स्वीकारले नाही. ते हलके, स्वस्त आणि पाण्याला दाद न देणारे आहे म्हणून स्वीकारले. दोष एवढाच, की त्याचे काम दहा मिनिटांचे आणि आयुष्य कित्येक पिढ्यांचे. उकिरड्यावर पिशवीसकट उष्टे गिळणाऱ्या गाईच्या पोटातही ते तसेच राहते.

मग पिष्टाकडे लक्ष जाणे साहजिकच होते. पिष्ट मुबलक आहे. आपल्या धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढण्याचा मोठा कारखाना आहे. तामिळनाडूत सेलमला टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा आणि स्टार्च निघतो. ते दरवर्षी शेतात पिकते आणि मातीत गेले की जिवाणू त्यावर ताव मारतात. त्यात थोडे ग्लिसरीन आणि पाणी घालून उष्णता व दाब दिला की ते प्लॅस्टिकसारखे वितळून साच्यात ओतता येते, त्याचा पातळ पापुद्राही ओढता येतो.

पण दोन खोडी राहतातच. पहिली ती पाण्याची. दमट हवेत हा पापुद्रा लुळा पडतो. पाण्याचा थेंब पडला तर तेथे फुगतो, फाटतो. दुसरी खोड शिळेपणाची. सकाळची मऊ पोळी संध्याकाळी चिवट होते, रात्रीचा भात सकाळी टणक लागतो; कारण शिजताना मोकळ्या झालेल्या साखळ्या हळूहळू पुन्हा एकमेकींना धरून रांगेत बसू लागतात. पिष्टाची पिशवीही अशीच ‘शिळी’ होते. कोरड्या हवेत कडक होऊन तडकते. म्हणजे पावसाळ्यात लगदा आणि उन्हाळ्यात पापड! अशी पिशवी कोण घेणार?

साट्याच्या करंजीचे शास्त्र

आता दिवाळीच्या ओट्याकडे वळू. साट्याच्या करंज्या कशा करतात? पातळ पोळ्या लाटावयाच्या, तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा प्रत्येक पोळीला लावावयाचा, एकीवर एक ठेवून गुंडाळी करावयाची, कापावयाची, पुन्हा लाटावयाची. तळताना पापुद्रे सुटतात. साटा नीट लागला नाही तर पापुद्रे चिकटून राहतात आणि करंजीचा दगड होतो.

मातीचेही असेच आहे. महाराष्ट्राच्या काळ्या कसदार जमिनीत एक जातीची चिकणमाती फार असते. तिचे शास्त्रीय नाव माँटमोरिलोनाइट, फ्रान्समधल्या एका गावावरून पडलेले. पावसात हीच माती फुगते आणि बैलाचा पाय धरून ठेवते. उन्हाळ्यात हिलाच हातभर भेगा पडतात. कारण ही माती म्हणजे पापुद्र्यांची चवड आहे. एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, आणि लांबीरुंदीला त्याच्या शेकडोपट. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, म्हणून ती फुगते.

नॅनोमीटर म्हणजे किती? मीटरचा अब्जावा भाग. आपला एक केस ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या बारीक पदार्थाचे काय मोठे कौतुक, असे कोणी म्हणेल. तर हा हिशेब पाहा. एक सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा साखरेचा खडा घेतला तर त्याच्या सहा बाजूंचे मिळून क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर भरते, पोस्टाच्या तिकिटाएवढे. त्याचेच एकेक नॅनोमीटरचे तुकडे करता आले तर त्या सर्वांचे पृष्ठभाग मिळून सहा हजार चौरस मीटर होतील. म्हणजे दीड एकर जमीन! वस्तू तेवढीच, वजन तेवढेच. पण तिचा पृष्ठभाग तिकिटाचा शेताएवढा झाला. नॅनो म्हणजे दुसरे तिसरे काही नसून पृष्ठभागांचे शास्त्र आहे, असे म्हटले तरी चालेल.

जपानमध्ये टोयोटा कंपनीच्या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात या मातीचे पापुद्रे नायलॉनमध्ये सुटे करून दाखवले. शंभर भागांत जेमतेम पाच भाग माती. पण वजनाखाली नायलॉन जेथे ६५ अंशांच्या सुमारास वाकू लागे, तेथे ते १४० अंशांच्या पुढे टिकून राहू लागले. तेव्हापासून ‘नॅनोसंमिश्र’ या शब्दाला बाजारात पत आली, आणि साहजिकच कोणीतरी म्हणाले की हीच युक्ती पिष्टावर करून पाहू.

येथे पिष्टाने एक सुखद धक्का दिला. नायलॉन वा इतर प्लॅस्टिके पाण्याशी फारसे सख्य न ठेवणारी. त्यांच्यात माती मिसळावयाची तर आधी मातीच्या पापुद्र्यांना तेलकट रसायनाचा हात फिरवून त्यांचा पृष्ठभाग बदलावा लागतो. पिष्ट आणि कच्ची माती मात्र दोघेही पाण्याचे मित्र. त्यांचे आपसांत सहज जमते. ग्लिसरीन हाच येथला साटा. ते पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, चवड सैल करते, आणि मागून पिष्टाच्या साखळ्या आत सरकतात. तेलकट हात फिरवलेली माती पिष्टात घातली तर उलट तिच्या गुठळ्या राहतात. लग्न जमवताना दोन्हीकडची माणसे पाहावी लागतात, ते याच कारणासाठी!

पापुद्रे नीट सुटले म्हणजे काय होते? पिशवीचा पापुद्रा बळकट होतो. शिवाय पाण्याची वाफ आणि हवा यांची वाट लांबते. पूर्वी सरळ पलीकडे जाता येत होते. आता जागोजागी मातीच्या भिंती आडव्या असतात, त्यामुळे पुण्याच्या जुन्या पेठांतल्यासारखे बोळाबोळांतून वळसे घेत जावे लागते. माती सोडून दुसरेही पदार्थ असेच वापरता येतात. उसाच्या चिपाडातून किंवा पेंढ्यातून काढलेले सेल्युलोजचे सूक्ष्म धागे पिष्टाचे सख्खे भाऊच. दोघेही ग्लुकोजचेच बनलेले, फक्त सांधा वेगळा. खुद्द पिष्टाच्या कणांचा मऊ भाग आम्लाने विरघळवून उरलेले काही नॅनोमीटर जाडीचे स्फटिकही भर म्हणून घालतात. स्वित्झर्लंडच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७४ साली पिष्टावर आम्लाचा असाच दीर्घ प्रयोग केला होता. त्यातून नॅनो नावाचे काही निघेल हे अर्थातच त्याच्या गावी नव्हते.

मोहन घातले की...

एवढे करूनही वरचा थेंब काही हटत नाही. पोट बळकट झाले, पण कातडी तीच राहिली. म्हणून शेवटचा आणि सर्वांत नाजूक उपाय : पृष्ठभाग बदलणे. आणि येथे शंकरपाळ्यांचे मोहन आठवावे.

पिठात कडकडीत तेल किंवा तूप आपण का घालतो? त्या स्निग्धाचा पातळ लेप पिठाच्या कणाकणावर बसतो. मग पाणी घातले तरी ते प्रत्येक कणाला पूर्णपणे भिजवू शकत नाही, पीठ चिवट होत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन म्हणजे कणाचा अंतरंग स्वभाव न बदलता त्याच्या पृष्ठभागाचे पाण्याशी असलेले नाते बदलणे. प्रयोगशाळेतली नावे मोठी असतील, तत्त्व हेच.

त्याचे काही प्रकार सांगतो. पहिला प्रकार सरळ लेपाचा : मधमाशीचे मेण, लाख किंवा मक्याचेच एक प्रथिन यांचा पातळ थर. दुसरा प्रकार हात गुंतवण्याचा. पाण्याला धरणारे जे हात सांगितले, त्यांच्या टोकांना व्हिनेगरच्या जातीतल्या रसायनाचे तुकडे जोडून टाकावयाचे. मग त्यांना पाणी धरता येत नाही. तिसरा प्रकार गाठ मारण्याचा : लिंबात असते ते सायट्रिक आम्ल उष्णतेच्या मदतीने शेजारच्या दोन साखळ्यांना एकत्र बांधते, त्यामुळे फुगणे कमी होते. चौथा प्रकार प्लाझ्माचा. आपल्या जुन्या ट्यूबलाइटच्या नळीत वीज गेल्यावर जसा वायू उजळतो, तशा उजळलेल्या वायूत पापुद्रा थोडा वेळ धरला, आणि त्या वायूत सिलिकॉनयुक्त संयुग असले, तर पृष्ठभागाचा केवळ काही नॅनोमीटर जाडीचा थर बदलतो. आतले पिष्ट जसेच्या तसे.

काम साधले की नाही हे पाहण्याची परीक्षाही घरगुती आहे. थेंब टाकावयाचा आणि बाजूने पाहावयाचे. पसरला तर पृष्ठभाग पाण्याचा मित्र. मोत्यासारखा उभा राहिला तर शत्रू. थेंबाची कड पृष्ठभागाशी नव्वद अंशांहून मोठा कोन करू लागली की शास्त्रज्ञ खूष होतात. निसर्गाला मात्र एवढ्याने समाधान नाही. कमळाच्या किंवा अळूच्या पानावर हा कोन दीडशे अंशांच्या घरात जातो. पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाची बारीक नक्षी. थेंब त्या टोकांवरच तोलून राहतो आणि घरंगळताना धूळही नेतो. जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस या शास्त्रज्ञांनी १९९७ साली कमळाच्या पानाचे हे रहस्य सविस्तर मांडले.

अळूचा हा दाखला मला फार आवडतो. त्याच झाडाच्या जमिनीतल्या कंदात पिष्ट भरलेले, पाण्यात शिजून लगदा होणारे. आणि त्याच झाडाच्या पानावर पाण्याचा टिपूस ठरत नाही. पण पान गळून पडले की माती त्याचा फडशा पाडते. नाशिकच्या द्राक्षावर जो पांढुरका थर दिसतो, तोही मेणाचाच. बोटाने पुसला जातो इतका पातळ, पण द्राक्षाला सुकू देत नाही. जिवंतपणी पाणी अडवावे आणि मेल्यावर मातीला मिळावे, हे दोन्ही साधते, कारण मेण फक्त कातडीवर असते. संशोधकांना हवी आहे ती नेमकी हीच गोष्ट.

अतिरेक झाला तर?

कारण या साऱ्या खटाटोपात एक मेख आहे. पिष्टाचे सगळेच हात गुंतवून टाकले, आरपार मोहन घातले, तर पाणी हटेल खरे. पण जिवाणूंनाही ते पिष्ट ओळखू येईनासे होते आणि कुजणे मंदावते. म्हणजे प्लॅस्टिकला पर्याय शोधता शोधता आपण नवे प्लॅस्टिकच केले! मोहन जास्त झाले तर करंजी तेलात विरघळते, कमी झाले तर दगड होते. सुगरणीला जो तोल सांभाळावा लागतो, तोच येथे आहे. फक्त कातडी बदलावयाची, पोट जिवाणूंसाठी राखावयाचे.

बाजारात हा तोल नेहमी सांभाळला जातो असे नाही. ‘मक्याची पिशवी’ म्हणून जी विकली जाते, ती बहुधा शुद्ध मक्याची नसते. पिष्टात दुसरे विघटनशील प्लॅस्टिक मिसळलेले असते, आणि ते पुष्कळदा खनिज तेलापासून केलेले असते. त्यात लबाडी नाही. मिश्रणाशिवाय सध्या पिशवी ओझे पेलत नाही. लबाडी होते ती शब्दांत. ‘विघटनशील’ हा शब्द नुसता ऐकून काही कळत नाही. ‘कंपोस्ट होणारे’ या शब्दाला मात्र कसोटी आहे. भारतीय मानक १७०८८ प्रमाणे, खताच्या मोठ्या कारखान्यासारख्या परिस्थितीत, म्हणजे सुमारे ५८ अंश उष्णतेत, बारा आठवड्यांनी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर शंभरात दहाहून अधिक भाग उरता कामा नये, आणि १८० दिवसांच्या आत त्यातल्या कार्बनचा नव्वद टक्के भाग वायुरूप व्हावयास हवा. अशा पिशव्यांना जाडीच्या नियमातून सूट आहे. पण त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते.

आता गृहिणींनी विचारावयाचा प्रश्न असा : माझ्या कचऱ्याला ५८ अंशांची ऊब मिळणार आहे कुठे? आपल्या गॅलरीतल्या कुंडीत नाही, रस्त्याकडेच्या उकिरड्यावर नाही, आणि दारणेच्या वा गोदावरीच्या पात्रात तर नाहीच नाही. ओला कचरा वेगळा गोळा करून त्याचे खत करण्याची सोय जेथे आहे, तेथे ही पिशवी वरदान आहे. जेथे ती नाही, तेथे ती प्लॅस्टिकपेक्षा थोडी बरी, एवढेच.

आणखी एक शंका वाचकांच्या मनात आली असेल : माणसाच्या तोंडचा मका पिशवीत घालावयाचा काय? शंका योग्य आहे. म्हणूनच आंब्याच्या कोयीतले पिष्ट, बटाट्याच्या कारखान्यातले साली-पाणी, तांदळाची कणी अशा वाया जाणाऱ्या मालाकडे संशोधकांचे लक्ष वळते आहे. उन्हाळ्यात रसाच्या कारखान्यांमागे कोयींचे ढीग पडतात, ते पाहणाऱ्याला हा विचार पटेल.

सुटीत करून पाहा

दिवाळीच्या सुटीत मुलांना उद्योग हवाच असतो. मोठ्या माणसाने शेगडीजवळ उभे राहून हा प्रयोग जरूर करू द्यावा. एक मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर, चार मोठे चमचे पाणी, एक लहान चमचा ग्लिसरीन आणि एक लहान चमचा व्हिनेगर एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण घट्ट आणि पारदर्शक झाले की तेल पुसलेल्या ताटलीवर पातळ पसरून सावलीत दोन-तीन दिवस वाळवावे. हा झाला पिष्टाचा पापुद्रा.

दुसऱ्या ताटलीसाठी उटण्यातली मुलतानी माती उपयोगी पडेल. तिच्यातही पापुद्र्यांची चिकणमाती असते. चिमूटभर माती रात्रभर पाण्यात भिजवून, जाड गाळ खाली बसू देऊन, वरचे गढूळ पाणीच तेवढे वापरावे. घरच्या चमच्याने पापुद्रे पूर्ण सुटणार नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. तिसऱ्या तुकड्यावर मधमाशीच्या मेणाचा पातळ हात फिरवावा. मग तिन्हींवर एकेक थेंब टाकून घड्याळ लावून पाहावे, आणि निरीक्षण वहीत लिहावे.

परीक्षेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. तिन्हींच्या पट्ट्या आणि एक साधी प्लॅस्टिकची पट्टी कुंडीतल्या ओलसर मातीत शेजारी शेजारी पुरून काड्या खोचून ठेवाव्यात, आणि दर आठवड्याला उकरून पाहावे. कोण आधी जाते, कोण मागे राहते, मेणाने किती दिवस वाढवले, हे मुलांच्या डोळ्यांदेखत ठरू द्यावे. चौथी पट्टी मात्र शाळा सुरू झाली, सहामाही गेली, वार्षिक परीक्षा संपली तरी तशीच सापडेल. त्या पट्टीकडे बघून मूल जो प्रश्न विचारील, त्याचे उत्तर आपणा मोठ्यांना द्यावयाचे आहे.

तोपर्यंत भाजीला कापडी पिशवी, आमटीला झाकणाचा डबा, आणि पंक्तीला पत्रावळ-द्रोण ही जुनी माणसे कामावर असू द्यावीत. आणि दुकानदाराने ‘ही मक्याची आहे हो’ म्हणून पिशवी पुढे केली, तर हसून एवढेच विचारावे : “मक्याची आहे ते खरे, पण प्रमाणपत्राचा क्रमांक कुठे छापला आहे?”

आपणा सर्वांना ही दिवाळी खुसखुशीत जावो!